गाडी ओढते म्हणून थेट अलाइनमेंटला नेऊ नका

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जुनी मोटार विकत घेताना कोणती काळजी घ्यावी याविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. कागदपत्रे कशी पडताळावीत, इंजिन थंड असतानाच सुरू करून का पाहावे, गंज कुठे शोधावा, यावर लेखकाने जे लिहिले आहे ते नेमके आणि उपयोगी आहे. मात्र चालवून पाहताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर काय समजावे, या प्रश्नाची त्यांनी एका वाक्यात बोळवण केली आहे: व्हील अलाइनमेंट, म्हणजे यंत्रावर चाकांचे कोन जुळवणे, करून घ्यावे, दोष जातो. माझी तीसहून अधिक वर्षे मोटार दुरुस्तीत गेली आणि या सल्ल्यावर विसंबून हात पोळलेली माणसे मी इतकी पाहिली आहेत की आता गप्प बसवत नाही. हा सल्ला देणारे चांगल्या हेतूनेच देतात, याविषयी मला शंका नाही. पण जुन्या गाडीच्या बाबतीत तो खरेदीदाराला चुकीच्या दारात नेऊन उभा करतो आणि काही वेळा जिवावर बेतेल असा दोष झाकून ठेवतो.

'गाडी ओढते' हे वाक्य 'अंगात ताप आहे' या वाक्यासारखे आहे. त्यातून काहीतरी बिनसले आहे एवढे कळते, काय बिनसले ते कळत नाही. टायर, ब्रेक, सस्पेन्शन, स्टेअरिंग, चाकांचे कोन, कधी ठोकरीत वाकलेला सांगाडा आणि कधी नुसता रस्त्याचा उतार, यांपैकी कशानेही गाडी एका अंगाला जाऊ शकते. अलाइनमेंटच्या यंत्राला यांतले फक्त चाकांचे कोन दिसतात. टायरच्या पोटात काय आहे, पाय काढल्यावर ब्रेक पूर्ण सुटतो की नाही, हे त्याला दिसण्याचे कारणच नाही, कारण त्या यंत्रावर गाडी उभी असते, धावत नसते. म्हणून पडद्यावरचे सगळे आकडे हिरवे झाले तरी रस्त्यावर येताच गाडी पुन्हा त्याच बाजूला जाते, मालकाला वाटते की काम नीट झाले नाही, आणि तो दुसऱ्या ठिकाणी जाऊन तेच काम पुन्हा करून घेतो.

निदानाची सुरुवात तक्रार नीट ऐकण्यापासून व्हावी. 'ओढते' या एका शब्दाखाली लोक तीन निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात. स्टेअरिंगवरची पकड सैल केली की गाडी ठरलेल्या एकाच बाजूला जाते आणि ती सरळ ठेवण्यासाठी हाताला सतत जोर द्यावा लागतो, हे खरे ओढणे. गाडी विनासायास सरळ जाते पण सरळ जाताना स्टेअरिंग तिरके राहते, ही वेगळी तक्रार आहे. तिचे मूळ बहुधा टाय रॉडच्या, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, लांबीत किंवा मागच्या चाकांच्या रोखात असते आणि अलाइनमेंटचा उपयोग खरा तिथे होतो. गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटते, ही तिसरी. ती झिजलेल्या सांध्यांची खूण आहे. हे वेगळे करून झाले की पुढचा प्रश्न विचारायचा: ओढते ती केव्हा? एकसारख्या वेगात, ब्रेक दाबल्यावर की ॲक्सिलरेटर दाबल्यावर? या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्मे काम होते, आणि तरीही तो विचारला जात नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

एकसारख्या वेगात ओढत असेल तर पहिली शंका रस्त्यावर घ्यावी. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडांना उतरता बांधतात. हा उतार साधारणपणे दर मीटरला २ सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे निर्दोष गाडीसुद्धा हळूहळू कडेकडे सरकते. वाहतूक डावीकडून चालत असेल तिथे ती डावीकडे सरकेल, उजवीकडून चालत असेल तिथे उजवीकडे. हा उतार गृहीत धरून काही उत्पादक दोन बाजूंच्या चाकांच्या कोनांत मुद्दाम थोडा फरकही ठेवतात. म्हणून चाचणी घ्यायची ती सपाट, मोकळ्या, रहदारी नसलेल्या जागी, आणि त्याच पट्ट्यावरून उलट दिशेनेही. जाताना एका बाजूला आणि येताना दुसऱ्या बाजूला सरकत असेल तर कारण उताराचे किंवा वाऱ्याचे आहे. दोन्ही वेळा एकाच बाजूला जात असेल तर दोष गाडीत आहे. ही चाचणी घेताना हात स्टेअरिंगवरून उचलू नयेत. बोटे सैल सोडून चक्राभोवती तशीच ठेवली तरी गाडीचा कल हाताला स्पष्ट कळतो.

त्यानंतर हवा. ज्या बाजूच्या पुढच्या चाकात हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते, कारण ते टायर जास्त दबते आणि चालायला जड होते. हे सर्वांना ठाऊक असते, पण हवा मोजली जाते ती गाडी चालवून आणल्यावर, टायर तापलेले असताना आणि एक बाजू उन्हात उभी असताना. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की मोटारीच्या टायरमधला दाब साधारण दीड पौंडाने वाढतो. त्यामुळे गाडी काही तास सावलीत उभी राहिल्यानंतर, टायर थंड असताना, चारही चाकांची हवा एकाच मापकाने तपासली पाहिजे. जुनी गाडी पाहायला जाताना हा छोटा मापक खिशात असावा, असे मी आग्रहाने सांगतो. विक्रीस ठेवलेल्या गाडीचे ओढणे झाकण्यासाठी एका चाकात मुद्दाम चार-पाच पौंड हवा जास्त भरलेली मी स्वतः मोजून पाहिली आहे. हवा सारखी केली आणि गाडीने लगेच आपला कल दाखवला.

आता टायरकडे येतो, कारण नेहमीच्या वापरातल्या मोटारींत सतत ओढण्याचे कारण अनेकदा तिथेच सापडते आणि तरीही संशय त्याच्यावर सर्वांत उशिरा जातो. रेडियल टायरचे पेटंट मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये घेतले आणि आज मोटारींना हेच टायर असतात. त्यात रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. हे पट्टे नेमके मध्यावर न बसता किंचित एका बाजूला सरकलेले असतील, किंवा खड्ड्यात आपटून आत सुटले असतील, तर टायरचा एक काठ दुसऱ्यापेक्षा अधिक कडक राहतो आणि बाहेरून गोल दिसणारे ते टायर चालताना शंकूसारखे वागू लागते. टेबलावर पेला आडवा ठेवून ढकलून पाहावा. तो सरळ जात नाही, निमुळत्या बुडाकडे वळत जातो. टायरही तसेच वळते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, बॅलन्सिंगच्या नेहमीच्या यंत्रावर कळत नाही, आणि तो कोऱ्या टायरमध्येही असू शकतो. म्हणून 'टायर तर नवीनच घातले आहेत' या उत्तराने शंका मिटत नाही.

त्याची परीक्षा मात्र अगदी सोपी आहे. पुढची दोन चाके आपसांत बदलावीत, म्हणजे डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे लावावे, आणि त्याच रस्त्यावर पुन्हा चालवून पाहावे. आधी डावीकडे ओढणारी गाडी आता उजवीकडे ओढू लागली तर दोष टायरचा, यात संशय उरत नाही. ओढणे जसेच्या तसे राहिले तर टायर निर्दोष समजून पुढे जावे. ओढणे नाहीसे झाले किंवा बरेच कमी झाले, तरी टायरचा त्यात हात आहे असे समजावे. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर अशी अदलाबदल करता येत नाही; तेव्हा त्याच बाजूचे मागचे चाक पुढे आणि पुढचे मागे करावे, दोन्ही बाजूंना पुढचे-मागचे माप एक असल्याची खात्री करून. एवढ्या कामाला एक जॅक, एक पाना आणि अर्धा तास लागतो. अलाइनमेंटच्या आधी ही अदलाबदल करून घ्या, असे मी शिकाऊ मुलांना शेकडो वेळा सांगितले आहे, कारण सदोष टायरवर केलेले अलाइनमेंट म्हणजे वाकडी पट्टी हातात घेऊन आखलेली रेघ.

टायर आणखीही बरेच सांगते, फक्त ते हाताने वाचावे लागते. गाडी उभी असताना, टायर थंड असताना, तळवा पृष्ठभागावरून आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे दाते लागत असतील तर चाकांचा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर दिसणारा त्यांचा रोख, बिघडलेला आहे. फक्त आतली कड झिजली असेल तर चाक वरून आत झुकलेले असण्याची शक्यता असते, दोन्ही कडा झिजल्या असतील तर गाडी बराच काळ कमी हवेवर चालली आहे, फक्त मधला भाग झिजला असेल तर जास्त हवेवर. मेकॅनिक मंडळी 'ही गाडी टायर खाते' असे म्हणतात ते हेच. यात एक गोष्ट नेहमी विसरली जाते: चुकीच्या कोनावर हजारो किलोमीटर चालून तिरके झिजलेले टायर, कोन दुरुस्त केल्यानंतरही गाडीला ओढतच राहते. तेव्हा कोन बरोबर आणि टायर जुने, अशी स्थिती असते आणि दोष मात्र अलाइनमेंट करणाऱ्याला दिला जातो. एकाच धुरीवर दोन वेगळ्या बनावटीची, किंवा एक कोरे आणि एक गुळगुळीत झालेले, असे टायर असले तरीही गाडी सरळ जाईल अशी अपेक्षा धरू नये.

ब्रेकविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण पत्र लिहिण्यामागे खरी काळजी त्याचीच आहे. एका कुटुंबाने विकत घेतलेली जुनी मोटार माझ्याकडे आली तेव्हा तिचे तीन ठिकाणी चार वेळा अलाइनमेंट झालेले होते आणि पुढचे दोन्ही टायर नवे घातलेले होते. तरी ती डावीकडे ओढत होती, आणि सुरुवातीला नाही, आठ-दहा किलोमीटर गेल्यानंतर. मी ती तेवढीच चालवली, परत येताना शक्य तितका ब्रेक टाळला, आणि गाडी आपोआप मंदावू देऊन उभी केली. उतरून उजव्या पुढच्या चाकाच्या रिमजवळ तळवा धरला, तिथे नेहमीची ऊब होती. डाव्या चाकाजवळ हात नेला आणि वीतभर अंतरावरूनच झळ लागली. त्या रिमवर काळी भुकटी दुप्पट साचलेली होती आणि जळकट वास येत होता. गाडी जॅकवर घेऊन, खाली भक्कम स्टँड लावून, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवले तर ते जागचे हलेना. कॅलिपरवरचे, म्हणजे ब्रेकचे पॅड चाकाच्या तबकडीवर दाबणाऱ्या भागावरचे, हवा काढण्याचे निपल किंचित सैल केले, तपकिरी झालेल्या तेलाची एक बारीक चिळकांडी उडाली, आणि त्याच क्षणी चाक हातात मोकळे फिरू लागले.

याचा अर्थ असा की कॅलिपर धडधाकट होता आणि दाब आत अडकून राहत होता. ब्रेकची रबरी नळी बाहेरून ठीक दिसत होती. ती काढून कापली तेव्हा आतले रबर सुजून तेलाची वाट जवळजवळ बंद झाल्याचे दिसले. पायाच्या जोराने तेल पुढे जात होते, पण पाय काढल्यावर परत येऊ शकत नव्हते. निपल सोडूनही चाक जागचे हलले नसते तर मी कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या आहेत असे समजलो असतो. नळी बदलली आणि गाडी चालवली, तर ती उजवीकडे ओढू लागली. कारण चार अलाइनमेंटांपैकी कोणीतरी डावीकडचे ओढणे मारण्यासाठी चाकांच्या झुकावात मुद्दाम फरक करून ठेवला होता. एका दोषाला दुसऱ्या दोषाचा टेकू दिला होता, आणि पहिला दोष गेल्यावर टेकू उघडा पडला. त्यानंतर पाचवे अलाइनमेंट केले, ते मात्र योग्य वेळी झाले.

असा अर्धवट लागलेला ब्रेक घेऊन कुटुंब महिनोन्महिने फिरत होते, ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. सतत घासणाऱ्या ब्रेकच्या उष्णतेने जुने तेल उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात, आणि पेडल तळाला जाऊनही ब्रेक लागत नाही. लांबलचक घाट उतरताना हे घडले तर काय होईल ते सांगण्याची गरज नाही. अशा गाडीला 'अलाइनमेंट करून घ्या' असा सल्ला देणे मला म्हणूनच निरुपद्रवी वाटत नाही.

ब्रेक दाबल्यावरच ओढणाऱ्या गाडीत बाजूचा हिशेब उलटा होतो, आणि इथे अनुभवी लोकही चुकतात. सतत चिकटलेला ब्रेक गाडीला आपल्या बाजूला ओढतो, पण दाबल्यावर न लागणारा ब्रेक तिला विरुद्ध बाजूला सोडून देतो. ब्रेक मारला की गाडी उजवीकडे जाते, तर पहिला संशय डाव्या चाकावर घ्यावा: पॅडवर तेल किंवा ग्रीस आले असेल, पिस्टन अडकला असेल, नळीतून दाबच पोहोचत नसेल. जोर लागतो आहे ती बाजू निरोगी आणि दुसरी आजारी, असे हे प्रकरण आहे. यालाच जोडून लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश पाहावेत. ते फाटले असतील तर ब्रेक लागताच चाक किंचित मागे सरकते, त्याचे कोन क्षणभर बदलतात आणि गाडी झटका देऊन वळते. उभ्या गाडीत हे दिसत नाही. एकाने ब्रेक दाबून गाडी इंचभर पुढे-मागे करावी आणि दुसऱ्याने सुरक्षित अंतरावर बाजूला उभे राहून चाक कमानीत किती हलते ते पाहावे, म्हणजे कळते.

इतके सगळे तपासून झाल्यावर अलाइनमेंटची पाळी येते. त्यातही कोणता कोन गाडीला ओढतो आणि कोणता ओढत नाही, हे ग्राहकाला माहीत असले पाहिजे. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा आत किंवा बाहेर असणारा झुकाव. ज्या बाजूचे चाक वरून अधिक बाहेर झुकलेले, त्या बाजूला गाडी जाते. कॅस्टर म्हणजे सायकलच्या पुढच्या चिमट्याला जो मागे झुकाव असतो तसा मोटारीच्या चाकाच्या वळणाच्या अक्षाला असलेला झुकाव. तो ज्या बाजूला कमी, त्या बाजूला गाडी ओढते. या दोहोंपैकी कशातही डाव्या-उजव्या चाकांत अर्ध्या अंशापेक्षा अधिक फरक असेल तर ओढणे जाणवू लागते. पुढच्या चाकांचा टो मात्र सहसा ओढत नाही. चालताना दोन्ही चाके तो आपसांत वाटून घेतात, स्टेअरिंग तिरके होते, टायर झिजते, पण गाडी सरळ जात राहते.

नेमकी इथेच फसगत होते. मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असलेले, सस्पेन्शन असलेल्या अनेक छोट्या मोटारींत कारखान्याने पुढच्या बाजूला फक्त टो बदलण्याची सोय दिलेली असते. कॅम्बर आणि कॅस्टर सुट्या भागांच्या आकारानेच ठरलेले असतात. त्यामुळे अशा गाडीचे अलाइनमेंट म्हणजे व्यवहारात टो बसवणे, आणि टो बसवून ओढणे जाणार नाही. म्हणून काम करवून घेताना आधीच्या आणि नंतरच्या मोजमापांचा छापील कागद मागून घ्यावा आणि 'सगळे ओके आहे' या शब्दांवर न थांबता कॅम्बर आणि कॅस्टरचे डावे-उजवे आकडे स्वतः शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. फरक मोठा असेल तर काहीतरी वाकलेले, सरकलेले किंवा झिजलेले आहे. यंत्रात स्टेअरिंग अक्षाचा कल, म्हणजे चाकाच्या वळणाच्या अक्षाचा समोरून दिसणारा आतला झुकाव, मोजण्याची सोय असेल तर तो आवर्जून मोजायला सांगावे. दोन्ही बाजूंना तो सारखा असून कॅम्बर वेगळा असेल तर चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, किंवा स्ट्रट वाकलेला असण्याची शक्यता असते. अक्षाचा कलही वेगळा असेल तर सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट, सरकली आहे, लोअर आर्म वाकला आहे किंवा स्ट्रट ज्याला वर टेकतो तो पत्राच हलला आहे, असा संशय घ्यावा.

काही कारणे त्या मानाने विरळ असली तरी ओळखायला सोपी आहेत. उजवीकडे वळून आल्यावर उजवीकडे आणि डावीकडे वळून आल्यावर डावीकडे ओढत राहणारी गाडी असेल तर स्ट्रटच्या माथ्यावरचे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळते तो गोल सांधा, घट्ट झाला आहे, त्यामुळे स्टेअरिंग मध्यावर परत येत नाही. फक्त जोरात वेग घेतानाच ओढत असेल आणि गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल, तर इंजिनाची ताकद चाकांना देणाऱ्या दोन बाजूंच्या ड्राइव्ह शाफ्टच्या लांबीतला फरक, सैल बुश किंवा दबलेले इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनाचा रबरी आधार, पाहावे. हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगमध्ये पुढची चाके उचलून इंजिन सुरू करताच स्टेअरिंग आपोआप एका बाजूला फिरू लागले तर दोष त्याच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगमध्ये स्टेअरिंगच्या कोनाचा किंवा टॉर्कचा सेन्सर आपला मध्यबिंदू चुकवून बसला तर तेही गाडीला एका बाजूला ढकलते. ते पान्याने नाही, स्कॅनर लावून दुरुस्त होते. एका बाजूची स्प्रिंग बसली किंवा तुटली असेल तर सपाट जागेवर हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून कळते.

शेवटी जुन्या गाडीचा भूतकाळ. नव्या गाडीचे ओढणे आणि चार हातांतून गेलेल्या गाडीचे ओढणे यांत फरक असा की दुसरीत एखादी ठोकर लपलेली असू शकते, आणि ती रंगाच्या खाली कितीही गाडली तरी चाकांजवळ खुणा ठेवून जाते. दोन्ही बाजूंच्या टाय रॉडच्या टोकाशी उघडे दिसणारे आटे मोजावेत. एका बाजूला चार-पाच आणि दुसऱ्या बाजूला बारा-पंधरा दिसत असतील तर कुठेतरी वाकलेली वस्तू टो ओढूनताणून सरळ दाखवते आहे. सबफ्रेमच्या बोल्टांभोवती ताज्या सरकण्याचे चकचकीत कडे दिसते का, मडगार्डचे बोल्ट पान्याने सोडल्याच्या खुणा आहेत का, बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, हेही पाहावे. चाके सरळ ठेवून पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचे अंतर डाव्या आणि उजव्या बाजूला फीतपट्टीने मोजावे. इथे एक खुलासा करतो. १९६१ साली आलेल्या रेनो ४ या मोटारीत हे अंतर मुळातच दोन बाजूंना सुमारे पाच सेंटिमीटरने वेगळे होते, कारण मागच्या सस्पेन्शनचे आडवे टॉर्शन बार एकामागे एक बसवलेले होते, आणि ती गाडी सरळ धावत असे. म्हणजे अंतरातला फरक स्वतः गाडीला ओढतोच असे नाही. पण ज्या गाडीत तो मूळ रचनेत नसतो, तिथे दिसला तर एखादे चाक कधीतरी जोरात मागे ढकलले गेले आहे, हे निश्चित.

खरेदीदाराने यातून निर्णय कसा घ्यावा, हेही सांगितले पाहिजे. हवा, टायर, ब्रेकची नळी, कॅलिपर, बुश किंवा बॉल जॉइंट, यांपैकी कारण सापडले तर ती सुटी, बदलता येणारी वस्तू आहे; तिचा खर्च व्यवहारातून वजा करून गाडी घ्यायला माझी हरकत नसेल, फक्त ब्रेकचा दोष असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवत घरी नेऊ नये. सबफ्रेम सरकली असेल तर ती सैल करून जागेवर बसवता येते, मात्र का सरकली याचे उत्तर विकणाऱ्याकडून मिळाले पाहिजे. सांगाड्याचा पत्रा हललेला असेल, किंवा कारण सांगता न येता 'अलाइनमेंट केले की जाईल' असे आश्वासन मिळत असेल, तर अलाइनमेंट व्यवहाराच्या आधी, विकणाऱ्याने, छापील कागदासह करून द्यावे आणि त्यानंतर गाडी पुन्हा त्याच सपाट पट्ट्यावर दोन्ही दिशांनी चालवून पाहावी. याला विकणारा तयार नसेल तर दुसरी गाडी पाहावी.

आपली पुरवणी हाताशी ठेवून गाडी पाहायला जाणारे वाचक पुष्कळ आहेत, हे मी जाणतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण कात्रण घेऊनच येतात. म्हणून विनंती अशी की पुढच्या रविवारी त्या एका वाक्याची दुरुस्ती छापावी, आणि जागा थोडी असेल तर किमान हवा, पुढच्या चाकांची अदलाबदल आणि फेरी मारून आल्यावर रिमजवळ धरलेला तळवा, एवढ्या तीन गोष्टी तरी त्यात याव्यात.

आपला नम्र,
एक निवृत्त मोटार मेकॅनिक